भागीदारी फर्मचे आयकर रिटर्न: सोलापूरच्या नव्या व्यापाऱ्यांसाठी

आयकर खात्याच्या लेखी फर्म आणि तिचे भागीदार हे वेगवेगळे करदाते आहेत. दोन भावांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना टाकला, तर आयकराची रिटर्न तीन होतात: एक फर्मचे आणि दोन भावांची. त्याशिवाय भागीदारांच्या पगार-व्याजावर कापलेल्या टीडीएसचे, म्हणजे रक्कम देतानाच कापून सरकारकडे भरायच्या कराचे, तिमाही विवरणही फर्मला भरावे लागते. चारही ठिकाणी आकडा तोच दिसायला हवा. फर्मने लिहिले पगार ३,६०,०००, भावाने आपल्या रिटर्नमध्ये दाखवले ३,००,०००, आणि टीडीएस विवरणात तिसरेच काही, असे झाले की संगणकाला ते ताबडतोब दिसते. फॉर्म भरणे हे शेवटचे आणि त्यातल्या त्यात सोपे काम. खरे काम करारनाम्यात आणि वह्यांत असते, म्हणून सुरुवात तिथून.

या लेखातले कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, पण ३१ मार्च २०२६ रोजी संपलेल्या वर्षाचे उत्पन्न जुन्याच कायद्याने मोजायचे आहे.

करारनामा आधी वाचा

भागीदारी करारनामा लेखी हवा आणि प्रत्येक भागीदाराचा नफा-तोट्यातला हिस्सा त्यात स्पष्ट लिहिलेला हवा. कलम १८४ ची ती अटच आहे. फर्मची नोंदणी रजिस्ट्रारकडे झालेली नसेल तरी आयकराचे काम अडत नाही, लेखी करारनाम्याशिवाय मात्र अडते. वर्षात एखादा भागीदार आला, गेला किंवा हिस्से बदलले, तर बदलाचा करारनामा त्याच वेळी करा. मागची तारीख टाकून नंतर केलेला कागद टिकत नाही, आणि करारनाम्याच्या आधीच्या काळाचा पगारही वजा मिळत नाही.

करारनाम्यात दोन कलमे शोधा. पहिले भांडवलावरच्या व्याजाचे. कायदा जास्तीत जास्त वार्षिक १२ टक्के सरळ व्याज वजा करू देतो. करारनाम्यात ९ टक्के असेल तर ९ च मिळतील, १५ असेल तरी १२ च मिळतील, आणि व्याजाचा उल्लेखच नसेल तर काहीही मिळणार नाही.

दुसरे कलम कामकरी भागीदाराच्या पगाराचे. ‘भागीदार आपसांत ठरवतील तो पगार’ असे वाक्य पुष्कळ जुन्या करारनाम्यांत सापडते. त्यावर विसंबू नका. मार्च १९९६ च्या सीबीडीटी (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ) परिपत्रक ७३९ नुसार प्रत्येक कामकरी भागीदाराची रक्कम किंवा ती काढण्याची रीत करारनाम्यातच लिहिलेली हवी. पगार मिळतो तो प्रत्यक्ष धंदा पाहणाऱ्या व्यक्तीलाच. नुसते भांडवल घातलेल्या भागीदाराला व्याज आणि नफ्याचा हिस्सा मिळेल, पगार नाही.

वह्या आणि ३१ मार्च

दिवाळीला चोपडापूजन होते, पण आयकराचे वर्ष ३१ मार्चलाच संपते. त्या दिवशी माल प्रत्यक्ष मोजा: सुताचे किलो, मागावरचा अर्धवट माल, तयार चादरी आणि टॉवेल, डाइंगला बाहेर गेलेला माल. बाहेर गेलेला माल मोजणीतून हमखास सुटतो. मग नफा कमी दिसतो, आणि पुढच्या वर्षी तोच माल आवक नसताना विकलेला दिसतो.

याच टप्प्यावर हे खर्च वेगळे काढा:

एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेला खर्च वजा मिळत नाही. मालवाहतूकदाराच्या बाबतीत ही मर्यादा ३५,००० आहे. पावत्यांचे तुकडे करून उपयोग नाही, कारण मर्यादा दिवसाच्या बेरजेला लागते.

दुसरी गोष्ट सोलापूरच्या कापड धंद्याला जास्त बोचते. सायझिंग, डाइंग, शिलाई करून देणारी बरीच युनिटे उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघुउद्योग आहेत. कलम ४३बी(एच) नुसार त्यांचे बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायला हवे. ती मुदत उलटली आणि ३१ मार्चलाही पैसे बाकीच असले, तर तो खर्च त्या वर्षी नामंजूर होतो आणि पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी मिळतो. कापड बाजारात तीन महिन्यांची उधारी सर्रास चालते, त्यामुळे रक्कम लाखांत जाऊ शकते. प्रत्येक पुरवठादाराकडून उद्यम प्रमाणपत्राची प्रत घेऊन ठेवा. नुसता खरेदी-विक्री करणारा व्यापारी या कलमाखाली येत नाही, उत्पादक आणि सेवा देणारे येतात.

तिसरा टीडीएस. फर्मला उलाढाल कितीही असली तरी टीडीएस कापावाच लागतो. जॉबवर्कला व्यक्ती किंवा हिंदू एकत्र कुटुंब असेल तर १ टक्का, बाकीच्यांना २ टक्के. एका बिलाला ३०,००० किंवा वर्षात १,००,००० ओलांडले की तो लागू होतो. कापला नाही तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग उत्पन्नात परत मिळवला जातो. टीडीएस भरण्यासाठी टॅन क्रमांक काढावा लागतो. तो पॅनहून वेगळा असतो, आणि नव्या फर्मकडून तो काढायचा राहून जातो.

भागीदाराच्या पगारावर टीडीएस

१ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टी लागू झाले आहे. भागीदाराला दिलेला पगार, बोनस, कमिशन आणि व्याज यांची वर्षाची बेरीज २०,००० रुपयांच्या वर गेली की १० टक्के टीडीएस कापायचा. रक्कम हातात दिली नाही, नुसती भांडवल खात्यात जमा केली, तरी कापायचा. नफ्याच्या हिश्श्यावर आणि भांडवलातून केलेल्या उचलीवर नाही.

जुनी सवय अशी की भागीदार वर्षभर उचल घेतात आणि पगार-व्याजाच्या नोंदी सीए ऑगस्टमध्ये ३१ मार्चच्या तारखेने टाकतो. आता ते चालणार नाही. मार्चमध्ये जमा केलेल्या रकमेचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरावा लागतो, इतर महिन्यांचा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. म्हणजे पगार आणि व्याज किती हे एप्रिल संपायच्या आत ठरलेले हवे. कापायला उशीर झाला तर महिन्याला १ टक्का, कापून भरायला उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज. आमच्या मते पगार करारनाम्यात मासिक आकड्यानेच लिहावा आणि दरमहा बँकेतून द्यावा. निम्मी गुंतागुंत तिथेच सुटते.

कर कसा निघतो, एका उदाहरणाने

फर्मला करमुक्त मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून सरसकट ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर. उत्पन्न एक कोटीच्या वर गेले तर करावर १२ टक्के अधिभारही. जुनी-नवी करप्रणाली हा पर्याय फर्मला नाहीच, तो भागीदाराच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये निवडायचा असतो.

समजा, दोन भागीदार आहेत. सगळे खर्च आणि घसारा जाऊन, पण भागीदारांचे व्याज व पगार धरण्याआधी, नफा ११,२०,०००. भांडवल एकाचे १०,००,००० आणि दुसऱ्याचे ६,००,०००. करारनाम्यात १२ टक्के व्याज आणि प्रत्येकी महिना ३०,००० पगार.

व्याज १,२०,००० अधिक ७२,०००, म्हणजे १,९२,०००. ते वजा जाऊन पुस्तकी नफा ९,२८,०००. पगाराची कमाल मर्यादा या आकड्यावर काढायची: पहिल्या ६,००,००० वर ९० टक्के किंवा ३,००,००० यांपैकी जास्त असेल ते, उरलेल्यावर ६० टक्के. इथे ५,४०,००० अधिक ३,२८,००० चे ६० टक्के म्हणजे १,९६,८००, एकूण ७,३६,८००. करारनाम्याप्रमाणे पगार ७,२०,०००. मर्यादेच्या आत आहे, म्हणून पूर्ण वजा.

करपात्र उत्पन्न उरले २,०८,०००. त्यावर ३० टक्के ६२,४०० आणि उपकर २,४९६, मिळून ६४,८९६, दहाच्या पटीत ६४,९००. १९४टी खाली पहिल्या भागीदाराचा टीडीएस ४,८०,००० वर ४८,००० आणि दुसऱ्याचा ४,३२,००० वर ४३,२००. हा टीडीएस फर्मच्या करातून वजा होत नाही. तो भागीदारांच्या खात्यावर जमा होतो आणि ते आपल्या रिटर्नमध्ये घेतात.

पगाराची मर्यादा ओलांडली तर जास्तीची रक्कम फर्मच्या उत्पन्नात परत येते. पगाराची मर्यादा २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून वाढलेली आहे, जुना करारनामा जुन्या मर्यादेवर बेतलेला असेल तर तो बदलून घ्यायला हरकत नाही.

आयटीआर-४ की आयटीआर-५

फर्मचा नेहमीचा फॉर्म आयटीआर-५. उलाढाल २ कोटींच्या आत (रोख जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ३ कोटी) असेल तर कलम ४४एडी घेऊन अंदाजित नफ्यावर आयटीआर-४ भरता येतो: बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के. एलएलपीला, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला, ही सोय नाही. कमिशनवर चालणाऱ्या धंद्यालाही नाही, म्हणून मार्केट यार्डातल्या अडत फर्मने तिकडे वळूच नये.

हा रस्ता सोपा दिसतो, पण फर्मला बहुधा महाग पडतो. अंदाजित नफ्यातून भागीदारांचा पगार आणि व्याज वेगळे वजा मिळत नाही. ९० लाखांची विक्री, सगळी बँकेतून, म्हणजे नफा ५,४०,००० आणि फर्मचा कर १,६८,४८०. तोच नफा वह्या ठेवून दाखवला आणि करारनाम्याप्रमाणे ९० टक्के म्हणजे ४,८६,००० पगार दिला, तर फर्मचे उत्पन्न ५४,००० आणि कर १६,८४८ च्या आसपास. दोघा भागीदारांना प्रत्येकी २,४३,००० मिळतील आणि दुसरे उत्पन्न नसेल तर त्यावर कर लागणारही नाही. शिवाय ४४एडी एकदा घेऊन पाच वर्षांच्या आत सोडले तर पुढची पाच वर्षे ते परत मिळत नाही आणि फर्मला ऑडिट करून घ्यावे लागते. धरण्याआधी सीएकडून दोन्ही हिशेब लिहून घ्या.

ऑडिटची साधी मर्यादा १ कोटी उलाढाल. रोख येणे आणि रोख जाणे दोन्ही ५ टक्क्यांच्या आत असेल तर १० कोटी. गावोगावच्या दुकानदारांकडून रोख घेणाऱ्या गणवेश उत्पादकाने हे टक्के दर महिन्याला पाहावेत, मार्चमध्ये कळून काही करता येत नाही.

तारखा

अग्रिम कर वर्षातच भरायचा असतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत १००. ४४एडी वाल्यांना सगळा १५ मार्चला चालतो. चुकला तर महिना १ टक्का व्याज.

ऑडिट असेल तर अहवाल ३० सप्टेंबर आणि रिटर्न ३१ ऑक्टोबर, अशा फर्मच्या भागीदारांच्या रिटर्नलाही ३१ ऑक्टोबर. ऑडिट नसेल तर वर्षानुवर्षे ३१ जुलै ही तारीख होती. सरकार मुदती बदलते. २०२५ साली ती आधी १५ आणि मग १६ सप्टेंबर झाली. पोर्टलवर त्या वर्षापुढे दिसणारी तारीख खरी मानावी, पण काम ३१ जुलै धरूनच करावे. तोटा असला किंवा उत्पन्न शून्य असले तरी फर्मला रिटर्न सक्तीचे आहे. उशीर झाला तर ५,००० रुपये शुल्क, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. त्याहून मोठे नुकसान वेगळेच: मुदतीनंतर भरलेल्या रिटर्नमधला धंद्यातला तोटा पुढे ओढता येत नाही, फक्त शिल्लक घसारा ओढता येतो.

पोर्टलवर बसल्यावर

आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर फर्मच्या पॅनने नोंदणी करा. या पॅनचे चौथे अक्षर ‘एफ’ असते. स्थापनेची तारीख पॅनवर असेल तीच टाका, करारनाम्यावर वेगळी असली तरी. मुख्य संपर्क म्हणून व्यवस्थापकीय भागीदार द्या आणि मोबाइल, ईमेल त्यांचेच द्या. सल्लागाराच्या कारकुनाचा नंबर दिला की नोटीस त्याच्या फोनवर जाते आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही. व्यवस्थापकीय भागीदार निवृत्त झाले किंवा वारले, तर हा तपशील लगेच बदला. नाहीतर ऐन मुदतीला ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जाईल.

मग फॉर्म २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (खात्याकडे आलेल्या व्यवहारांची वार्षिक माहिती) डाउनलोड करा. टीडीएस, जीएसटीतली विक्री, बँकेतला रोख भरणा, सगळे तिथे दिसते. गिऱ्हाइकाने टीडीएस फर्मऐवजी भागीदाराच्या पॅनवर भरलेला असेल तर गिऱ्हाइकालाच त्याचे विवरण दुरुस्त करायला सांगा, आपल्या रिटर्नमध्ये ढकलून तो मिळत नाही. एआयएसमधली नोंद चुकीची असेल तर तिथेच प्रतिसाद नोंदवता येतो. जीएसटी विक्री आणि वह्यांतली विक्री यांत फरक असेल तर कारणाचा कागद करून ठेवा: परत आलेला माल, आगाऊ रक्कम, जुनी यंत्रे विकल्याची रक्कम.

यानंतर आयटीआर-५ ची युटिलिटी घेऊन भरायला बसा. साधारण क्रम असा ठेवा: आधी सर्वसाधारण माहिती आणि भागीदारांची नावे, पॅन, हिस्सा, व्याजाचा दर, पगार. मग ताळेबंद, उत्पादन खाते, व्यापार खाते, नफा-तोटा. मग घसारा, धंद्याचे उत्पन्न काढणारे परिशिष्ट बीपी आणि जीएसटीची माहिती. शेवटी टीडीएस, अग्रिम कर आणि कराचा हिशेब. ऑडिट असलेल्या उत्पादकाला मालाचे प्रमाणही भरावे लागते, सूत किलोत आणि टॉवेल नगात. नामंजूर होणारे खर्च बीपीमध्ये परत मिळवायला विसरू नका. ऑडिट अहवालात लिहिलेली रक्कम आणि इथली रक्कम जुळली नाही की थेट फरकाची सूचना येते.

कर बाकी असेल तर ‘ई-पे टॅक्स’ मधून भरा. फर्मसाठी मुख्य शीर्ष ००२१. कंपनीचे ००२० निवडले की भरलेला कर जुळवताना अडचण येते. रिटर्नआधीच्या करासाठी प्रकार ३००, अग्रिम करासाठी १००. कर निर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष, दोनदा तपासा.

ऑडिट असलेल्या फर्मचे रिटर्न भागीदाराच्या डिजिटल स्वाक्षरीनेच जाते. ती पोर्टलवर आधी नोंदवलेली आणि मुदत न संपलेली हवी. सीएने ३सीबी-३सीडी अहवाल चढवला की फर्मच्या लॉगिनमध्ये जाऊन तो मंजूर करावा लागतो. ही पायरी राहिली तर अहवाल दाखल झालाच नाही असे धरले जाते. ऑडिट नसेल तर आधार ओटीपीने पडताळणी चालते. ती रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत करा, किंवा सही केलेला आयटीआर-व्ही (रिटर्नची पोच) बेंगळुरूच्या ५६०५०० या पिनकोडवरील केंद्रीय प्रक्रिया केंद्राला पाठवा. पडताळणी नाही तर रिटर्न भरलेच नाही.

भागीदारांची रिटर्न

भागीदाराने आयटीआर-३ भरायचा, १, २ किंवा ४ नाही. पगार आणि व्याज हे त्याचे धंद्याचे उत्पन्न. नफ्याचा हिस्सा करमुक्त, तरीही तो करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात दाखवायचा. परिशिष्ट आयएफमध्ये फर्मचे नाव, पॅन, हिश्शाचे टक्के आणि ३१ मार्चचे भांडवल येते. हे भांडवल फर्मच्या ताळेबंदातल्या भांडवल खात्याशी रुपयाला रुपया जुळले पाहिजे. म्हणून फर्मचे रिटर्न आधी पक्के करा, भागीदारांची नंतर.

मदत कुठे मिळते

पोर्टल अडले, फाइल चढेना, लॉगिन होईना, तर खात्याची मदतवाहिनी १८०० १०३ ००२५ किंवा १८०० ४१९ ००२५. फोन करताना पॅन आणि पडद्यावरचा त्रुटी संदेश जवळ ठेवा. कर किती भरायचा हा सल्ला तिथे मिळत नाही. व्यक्तींसाठी असलेले टीआरपी, म्हणजे कर विवरण तयार करणारे, फर्मचे काम करत नाहीत. फर्मसाठी सीए किंवा कर सल्लागार हाच मार्ग. ऑडिट अहवालावर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा खास ओळख क्रमांक, असतो, तो सीए संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासता येतो. सीएला पासवर्ड देऊ नका. पोर्टलवर ‘माय सीए’ मध्ये त्यांना जोडा.

सोलापुरातल्या आयकर कार्यालयात जायचे असेल तर आधी पोर्टलवरच्या ‘नो युवर एओ’ (आपला कर निर्धारण अधिकारी कोण) मध्ये पॅन टाकून आपला वॉर्ड पाहा, मग अर्ज दोन प्रतींत द्या आणि पोच घ्या. जुन्या मागणीची नोंद, चुकीचे चलन, अडकलेला परतावा यांसाठी लेखी अर्जच कामाला येतो. तक्रार पोर्टलच्या ‘ग्रीव्हन्सेस’ विभागात नोंदवा, त्यावर समाधान नसेल तर सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर. आयकर लोकपाल हे पद २०१९ मध्ये बंद झाले.

सूचना आली तर घाबरू नका, पण मुदत मोजा. कलम १३९(९) ची सदोष रिटर्नची सूचना असेल तर १५ दिवस, १४३(१)(ए) च्या प्रस्तावित बदलाला ३० दिवस. १४३(१) च्या पत्राच्या पीडीएफचा पासवर्ड फर्मच्या पॅनची छोटी अक्षरे आणि पाठोपाठ स्थापनेची तारीख असा असतो. त्यात दोन स्तंभ दिसतात, तुम्ही दिलेले आणि खात्याने मोजलेले. फरक असलेली ओळ शोधा. खात्याच्या मोजणीत चूक असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती पोर्टलवरच करता येते. चूक तुमची असेल आणि मुदत शिल्लक असेल तर सुधारित रिटर्न, ती संपली असेल तर अद्ययावत रिटर्न. ते कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येते. जितका उशीर तितका जादा कर, २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत, आणि परतावा वाढवून घेण्यासाठी ते वापरता येत नाही.

१ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन, म्हणजे पत्राचा ओळख क्रमांक, असतो. पोर्टलवर लॉगिन न करताही तो तपासता येतो. मेसेजमधली लिंक दाबून परतावा घ्या म्हणणारे, किंवा फोनवर ओटीपी मागून नोटीस मिटवतो म्हणणारे, आयकर खात्याचे नसतात.